भाऊरावांची बिस्किट रंगाची भिंत

माझा धाकटा भाऊ अनंत कावळे जांभळे काढतो. चिमण्या केशरी, बगळे पोपटी, आणि पोपट हिरवा काढ म्हटलं की त्याच्या कपाळाला आठ्या. लहानपणी यासाठी त्याने ड्रॉइंगच्या मास्तरांचा मार खाल्ला, मोठेपणी माझी बोलणी खाल्ली. पण खरं सांगू? त्याचा जांभळा कावळा एकदा पाहिला की खिडकीतल्या खऱ्या कावळ्याच्या मानेवरचा जांभळा आपल्यालाही दिसायला लागतो. उन्हात मान वळवली की असतोच तो तिथे. काळा आपण आपले आळसाने म्हणतो.

१९८४ साली आम्ही दोघं बहीण-भाऊ दहिसरला, नदीजवळच्या एका सोसायटीत राहत होतो. फ्लॅट माझा, कारण टेलिफोन एक्स्चेंजमधली पक्की नोकरी माझी. अनंत अंधेरीच्या एका छापखान्यात अगरबत्तीच्या पुड्यांवर गुलाब काढायचा. दिवसभर गुलाब काढून वैतागलेला माणूस, घरी आला की पक्ष्यांच्या मागे लागायचा. खाटेखाली पक्षी, कपाटामागे पक्षी, आणि बाथरूमच्या दारावर आतून एक खंड्या, इतका भडक निळा की साबण डोळ्यांत गेला तरी दिसायचा.

आणि त्याला हवी होती भिंत. आमच्या इमारतीची नदीकडची बाजू, चार मजले उंच, एकही खिडकी नसलेली. तो संध्याकाळी नदीकाठी उभा राहून तिच्याकडे असा बघायचा की लोकांना वाटे, आत कोणी पोरगी राहते. चाळिशी आली होती त्याची, आणि बाथरूमच्या दारापेक्षा मोठी जागा त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती. दसऱ्यानंतर सोसायटी रंगवायला काढणार होते. एकदा रंग चढला की मग सात-आठ वर्षं भिंतीला कोण हात लावू देतो? तोवर माझा भाऊ गुलाब काढून काढून संपला असता, याची मला खात्री होती.

सभेत त्याने विषय मांडला. म्हणजे मी मांडला, तो नुसता घाम पुसत होता.

आमचे चेअरमन भाऊराव. मूळचे मालवणकडचे, जन्म परळच्या चाळीतला. संपात गिरणी गेली, तेव्हा चाळीतली खोली विकून ते दहिसरला आले आणि एका गोदामावर सुपरवायझर झाले. माणूस वाईट नव्हता, पण नवीन नवीन सोसायटीत आलेला होता.

"अनंता, तुझे पक्षी झकास आहेत रे," ते म्हणाले. "पण आम्ही चाळ सोडून इथे आलो ते लोकांनी बालवाडी कुठे म्हणून विचारावं म्हणून नाही. सोसायटी म्हणजे बिस्किट कलर. डीसंट. बिस्किटाच्या बाजूने कोण कोण?"

सगळे हात वर गेले. गडबडीत अनंतानेही हात वर केला. मी त्याला घरी येऊन जे बोलले ते इथे लिहीत नाही.

पुढे पितृपक्ष लागला. भाऊरावांचे वडील, तात्या, जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांचा म्हाळ, म्हणजे पक्षातलं श्राद्ध, नेमका रविवारी आला आणि भाऊरावांनी अख्ख्या इमारतीला जेवायला बोलावलं. गच्चीवर कावळ्याचं पान ठेवायचं आणि कावळा शिवला की खाली पंगत बसायची. कावळा शिवला नाही तर? तर गेलेल्याच्या मनात काही राहिलंय. मग घरच्यांनी ते ओळखायचं, हात जोडून वचन द्यायचं, आणि पुन्हा आभाळाकडे बघत बसायचं.

हे आमंत्रण ऐकताना माझ्या डोक्यात जे आलं ते कुठल्याही शहाण्या बाईच्या डोक्यात आलं असतं. अनंत रोज सकाळी गॅलरीत कावळ्यांना खायला घालायचा. कठड्यावर बसून ते छान पोझ द्यायचे. दहिसरचे निम्मे कावळे माझ्या पगारावर होते. त्या दिवशी जर त्यांचा गॅलरीतला मुक्काम जरा लांबला, तर भाऊरावांना भूक लागेल. भूक लागली की वचनं निघतील. आणि कुठलं वचन द्यायचं ते सुचवायला मी गच्चीवर असणारच होते.

आमच्या घरचा म्हाळ आधीच उरकला होता, त्यामुळे पापाचा प्रश्न नव्हता. सकाळी कोळणीकडून टोपलीभर मांदेली घेतली आणि गॅलरीत ओतली. अनंत दाराच्या निम्म्याएवढा हार्डबोर्ड टेकवून ऑइल पेंटने एक भला मोठा कावळा रंगवत होता. मासळीवर कावळ्यांची झुंबड उडाली तसा तो हरखून गेला.

"ताई, आज काय गं? एवढे जण?"

"रविवार आहे ना. काढ तू," मी म्हटलं आणि साडी नेसून गच्चीवर गेले.

गच्चीवर केळीच्या पानावर वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबार, अळूची भाजी. भोवती सगळी इमारत, पोटं आत गेलेली. आभाळ एकदम स्वच्छ. एक घार तेवढी लांब नदीवर फिरत होती. भाऊरावांची बायको प्रेमा हवा हुंगत म्हणाली, "मासळीचो वास खंयसून येता गो?" मी म्हटलं, "नदीचा असेल."

भाऊरावांनी हात जोडले. "तात्या, गावच्या घराची कौलं यंदा परततो."

कोणी आलं नाही.

"तात्यांनू," प्रेमा म्हणाली, "तुमच्या विड्या मी लपवत होतंय. चुकलंच माझां." भाऊरावांनी पळत जाऊन विडी आणली आणि पानावर ठेवली. जरा थांबून माचिसही ठेवली. भटजींना बोरिवलीला दुसरा म्हाळ गाठायचा होता, ते घड्याळाकडे आणि आभाळाकडे आळीपाळीने बघत होते. खीर घट्ट होत चालली होती. मागे कोणीतरी "वाट लागली" असं पुटपुटलं.

माझी वेळ झाली. मी अगदी साळसूदपणे पुढे झाले. "भाऊराव, भिंतीचं तर काही नसेल ना तात्यांच्या मनात?"

ते चिडतील, मग मी बोलेन, मग ते बोलतील, असं मी धरून चालले होते. भाऊराव खालीच बसले.

"कुंदाताई, तुम्हांला कोणी सांगितलं?"

"काय?"

"शेवटी तात्या खाटेवरच होते ना. समोरची भिंत मीच नवीन रंगवून घेतलेली. बिस्किट. एक दिवस मला म्हणाले, भाऊ, सगळी हयात गिरणीच्या रंगखात्यात काढली रे, हा काय रंग दाखवतोस? काहीतरी रंगीत दाखव. मी म्हटलं, तात्या, थांबा जरा, कलर टीव्ही आणतो." त्यांनी नाक ओढलं. "टीव्ही आला तो त्यांच्या तेराव्यानंतर."

भाऊराव पानाकडे वळले. "दिली भिंत, तात्या. अनंताला दिली. सगळ्यांसमोर सांगतो. आता या."

मी जिंकले होते आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं. मी जिन्यावरून धावत खाली आले. गॅलरीत जाऊन उरलेली मांदेली खराट्याने खाली लोटली.

"ताई, हलू नकोस! आत्ताच कुठे नीट बसलेत!" अनंत ओरडला.

"चला रे, वर चला!" मी कावळ्यांना म्हटलं. "वर वडे आहेत, खीर आहे!"

एकही हलला नाही. आग्रह नको म्हणून पानावर आडवा हात धरणाऱ्या पाहुण्यांसारखे बसून राहिले सगळे. पोट भरलेला कावळा खिरीसाठी कशाला उठेल, हे माझ्या शहाण्या डोक्यात आलंच नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. वर भाऊराव भिंत देऊनही रिकाम्या आभाळाकडे बघत बसणार, आणि बाप अजूनही रुसलाय असं जन्मभर समजणार.

अनंताला सगळं सांगावं लागलं. त्याने ब्रश खाली ठेवला. माझ्याशी तो कधी चढ्या आवाजात बोललेला नाही, तेव्हाही बोलला नाही.

"बापाच्या पानाशी खेळलीस, ताई?"

एवढंच. मला आईने मारलेली थप्पडही एवढी लागली नव्हती.

मग त्याने तो ओला हार्डबोर्ड दोन्ही बाजूंनी धरला आणि जिना चढायला लागला. मी मागून. "अरे, कुठे नेतोस?"

गच्चीवर लोक बाजूला झाले. जांभळा कावळा, छातीवर मोरपंखी झाक, पंखांच्या कडा भगव्या, चोच हळदीसारखी पिवळी. तो पंगतीकडे मान तिरकी करून बघत होता.

"भटजी," अनंत म्हणाला, "कावळा शिवला नाही तर दर्भाचा करतात ना? आमच्या आईच्या वेळी केला होता."

"करतात की. दर्भ आहे पिशवीत."

"हा चालेल?"

भटजींनी चित्राकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. वड्यांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "शास्त्रात रंगाबद्दल काही सांगितलेलं नाही," ते म्हणाले.

भाऊराव उठले. अनंताच्या हातून त्यांनी तो कावळा घेतला, छातीशी धरला, वाकले आणि पिवळी चोच अलगद खिरीला लावली.

"तात्या," ते म्हणाले, "हे बघा. रंगीत."

प्रेमाने पदर डोळ्यांना लावला. मीही लावला. अख्ख्या इमारतीत एकटी मीच का रडत नाही असं कोणी विचारायला नको, म्हणून नव्हे. खरोखरच रडू आलं.

चित्र कठड्याला टेकवून ठेवलं तेव्हा दिसलं, भाऊरावांचे दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे झाले होते. अनंत ओशाळला, धावत जाऊन रॉकेल आणि फडकं घेऊन आला. पुष्कळ घासलं. तळहात निघाले, नखं काही निघेनात.

"नीट धुवा ना," प्रेमा म्हणाली. "जेवायला बसायचंय."

भाऊराव बोटं पसरून नखं बघत राहिले. "राहू दे गो. तात्यांची नखं अशीच असायची. या हप्त्याला निळी, त्या हप्त्याला लाल." मग जरा हळू आवाजात, "मला शाळेतून न्यायला यायचे तेव्हा मी त्यांचा हात धरायचो नाही. पोरं हसायची ना."

भटजी खाकरले. आम्ही सगळे खाली उतरलो, पंगत बसली. भाऊरावांनी अनंताला आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं.

"बिस्किटाचे डबे उद्या रद्द करतो," ते म्हणाले. "पण एक सांगतो अनंता, भिंतीवर रंग असा लाव की घासून निघता कामा नये."

"नाही निघणार," अनंत म्हणाला.

भाऊरावांनी जांभळ्या नखांनी वडा मोडला, आणि मग आम्ही सगळे जेवलो.