तिचा हात पोचेल तिथवर

तारेच्या कडीत शेळीचा एक केस अडकलाय, पांढरा, वाऱ्यानं हलतो आणि थांबतो, हलतो आणि — त्याला कळलं की आपण बराच वेळ केसाकडेच बघतोय, फाटकाची कडी हातात धरून.

मागे गोठ्यात शेळ्यांनी ओरडून जीव नकोसा केलेला. चारा संपलाय. फाटकापलीकडे हरभरा काढून झालेला, मोकळ्या रानात गवत, आणि गवतातून ओळीनं कोवळी झाडं — त्यानं आणि बायकोनं लावलेली.

"उघड की रे," मोठी बहीण म्हणाली. दूध काढायला आता तीच येते. "नाहीतर संध्याकाळी व्यापाऱ्याला बोलावते. ने म्हणावं सगळ्या."

"शेंडे खातील, ताई."

"मग मोज. ती मोजायची तसं."

तसं... शेळी मागच्या पायांवर उभी राहिली की माझा हात पोचतो तिथवरच तिचं तोंड पोचतं, असं बायको म्हणायची, आणि झाडाशी उभी राहून हात वर करायची. शेंडे बोटांच्या वर गेले की फाटक उघडायचं. एवढं सोपं. पण पावसाळ्यात ती गेली, आणि तिची बोटं — माझ्या कपाळाशी यायची की डोक्याच्याही वर? आठवत नाही. तिला उचलून गाडीत ठेवणारा मीच, आणि तिची उंची मला माहीत नाही. यावरही काही वाटलं नाही. वाटायला हवं, एवढं फक्त लक्षात आलं.

फाटक मागे लावून घेऊन तो पहिल्या झाडाशी गेला. हात वर केला. हा आपला हात. उपयोगाचा नाही.

*मला इथून गोठ्याचा पत्रासुद्धा दिसत नाही. तुला बरा दिसतो, उंटा!* याच झाडाशी ती एकदा म्हणाली होती.

तो वळला. कुंपणाच्या झुडपांवरून पत्रा दिसत होता. त्यानं गुडघे वाकवले. अजून दिसतोय. अजून थोडे. पत्र्याची नुसती कड उरली — बुडाली.

इथं.

इथून तिला एवढंच दिसायचं तर: झुडपं, आभाळ, आणि तिच्या मानानं फार उंच झालेली झाडं.

तसाच वाकून, कोपर जरा आखडून, त्यानं हात वर नेला. बोटांना पान लागलं, किंवा वारा... वर बघितलं की कळेल.

"अरे, हे काय खूळ?" ताई फाटकाशी आली होती. "माकडासारखा काय उभा राहिलायस? गेले का शेंडे वर?"

मांड्या थरथरायला लागल्या. दुखतंय — कितीतरी दिवसांनी काहीतरी दुखतंय. सरळ उभं राहिलं की पत्रा पुन्हा दिसेल.

तो सरळ झाला नाही.