गळ काढलेला लाकडी मासा

मी एक जुना लाकडी मासा आहे. वीतभर लांब, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा, पाठीला निळा आणि पोटाला पांढरा रंग. माझा एक डोळा काचेच्या मण्याचा आहे, दुसरा कधीच निखळला. मित्रांनो, आज मला पाहून कोणी दचकत नाही. पण एके काळी मालवणच्या खडकांपाशी, गुडघाभर पाण्यात, सुरीसारख्या दातांचे बाराकुडा माझ्यावर झडप घालत असत. थोडी बढाई मारतो आहे, पण खोटे सांगत नाही.

रत्नाकरने मला कोयत्याने तासून घडवले. तो आणि त्याचा बालमित्र उल्हास सकाळी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जात. माझ्या पोटाला दोन गळ होते. रत्नाकर मला दूर फेकी आणि मनगटाला हलके झटके देई. मग मी पाण्यावर डावीकडे, उजवीकडे मान वळवत जखमी माशासारखा चाले. खालून एक लांब सावली येई, पाणी फुटे आणि पुढे काय होई ते मला कधीच नीट आठवत नाही.

१९९२ साली रेल्वेच्या नोकरीत रत्नाकरची बदली बनारसला झाली. मीही ट्रंकेत कपड्यांखाली झोपून आलो. गंगेचे पाणी मला पहिल्यांदा फार गोड लागले. खारे नसलेले पाणी म्हणजे मीठ विसरलेली आमटी, असे मला वाटले. नंतर सवय झाली.

रामघाटावर दत्तात्रेय भेटला. वेदपाठशाळेत शिकवायचा, घराणे चार पिढ्या काशीत. घाटावर मराठी कानावर पडले म्हणून रत्नाकर थांबला आणि दोघांची मैत्री जमली. राजघाटच्या पुलापलीकडे रेतीच्या कडेला उथळ पाण्यात बचवा नावाचे चपळ मासे वर येतात, हे ऐकून दत्तात्रेयालाही ते पाहायची ओढ लागली.

"मी येईन," तो म्हणाला, "पण जीव मारायचा नाही. तू ते गळ काढून टाक."

"गुरुजी, गळ काढला तर मासा लागणार कसा?"

"लागायला कशाला हवा? वर येतो तेवढं बघू. मला तेवढंच बस आहे."

त्याने गळ काढण्यासाठी अशी गळ घातली की रत्नाकरला हसू आवरेना. शेवटी त्याने माझे गळ काढले आणि तोल राहावा म्हणून त्या जागी पितळेच्या दोन चकत्या अडकवल्या. मला लाज वाटली. बिनदाताचा वाघ व्हायचे कोणाला आवडते?

पण मित्रांनो, ती तीन वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर. सकाळचे धुके पाण्यावर पसरलेले असे. होडी रेतीला लावून ते दोघे पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभे राहत. "स्वर दाखवतोस तसं मनगट हलव," असे रत्नाकरने एकदाच सांगितले. वेद म्हणताना दत्तात्रेयाचा उजवा हात स्वरांबरोबर वर, खाली, आडवा जात असे. तोच हात दोरीवर आला आणि मी जणू पाठ म्हणू लागलो. बचवा उसळून मला धरी, चव पाहून सोडून देई. दोघे नुसते बघत राहत. तेव्हा मला कळले की मला चावून निघून गेलेला मासाही आपलाच असतो.

९५ च्या माघात उल्हास मालवणहून आला. पाहुण्यासाठी रत्नाकरने माझे गळ पुन्हा लावले. पाहुणा गेला आणि रत्नाकर ते काढायला विसरला.

पुढच्या रविवारी दत्तात्रेयाने दोरी हातात घेतली आणि विचारले, "खाली आहे ना?"

रत्नाकरची नजर पाण्यात होती. तळाशी एक मोठी सावली फिरत होती. "खालीच आहे. टाक लवकर."

मित्रांनो, त्या क्षणी दोघांचे बोलणे फक्त मला समजले होते. काशीच्या मराठीत खाली म्हणजे रिकामे. मी बिनगळाचा आहे ना, असे दत्तात्रेय विचारत होता; रत्नाकर तळाच्या माशाबद्दल सांगत होता. मला ओरडायचे होते. पण लाकडाला तोंड रंगवलेलेच असते.

मासा आला आणि अडकला. दत्तात्रेय पाण्यात धावला. माशाला सोडवताना माझा दुसरा गळ दत्तात्रेयाच्या उजव्या अंगठ्यात घुसला. रक्त वाहत असतानाही त्याने मासा दोन्ही हातांत धरून प्रवाहाकडे तोंड करून ठेवला. बऱ्याच वेळाने कल्ले हलले आणि मासा निघून गेला.

"तू हो म्हणालास," एवढेच दत्तात्रेय बोलला. मग तो आला नाही. हाताला पट्टी, त्यामुळे महिनाभर त्याला पाठशाळेत स्वर दाखवता आले नाहीत. रत्नाकरही अडून बसला. गळ विसरलो ही चूक खरी, पण त्याने गळाबद्दल विचारलेच कुठे, असे त्याचे म्हणणे. मी खिळ्याला टांगलेला होतो. रत्नाकर रविवारी लवकर उठे आणि पुन्हा पांघरूण ओढून पडे.

शेवटी त्याची बायको वीणा म्हणाली, "नेमकं काय बोललात ते सांगा तरी."

"त्याने विचारलं, खाली आहे ना. मी म्हटलं, खालीच आहे."

वीणाने हातातले निवडणे बाजूला ठेवले. "अहो, रिक्षावाला रोज ओरडतो, खाली है, खाली है. ती काय तळाशी असते?"

रत्नाकरने माझे गळ काढले आणि मला खिशात टाकून चपला न घालताच तो निघाला. रामघाटाच्या पायऱ्यांवर त्याने सगळे सांगितले. दत्तात्रेय ऐकत राहिला. मग म्हणाला, "आणि मी महिनाभर तुला झूठा समजत होतो रे."

पुढच्या रविवारी पुन्हा धुके, पुन्हा तेच पाणी. फेकण्यापूर्वी दत्तात्रेयाने काहीच विचारले नाही. व्रण पडलेला अंगठा माझ्या पोटावरून सावकाश फिरवला.

"विश्वास नाही वाटतं?" रत्नाकरने चिडवले.

"तुझ्यावर आहे. शब्दावर नाही."

अठ्ठ्याण्णव साली रत्नाकरची बदली कोकणात झाली आणि मी दत्तात्रेयाकडे राहिलो. माझा रंग उडाला आहे. लाकडाला जपायचे तर ओले ठेवू नका, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, एवढे पुरते. मित्राला जपणे थोडे अवघड आहे. त्याने बोलणे टाकले, तर आपण काय म्हणालो ते घोकत बसू नका. त्याने काय ऐकले, ते त्याच्या दारात जाऊन विचारा. महिनाभर थांबू नका. त्या महिन्यातले चार रविवार मला अजून कोणी परत दिलेले नाहीत.