मंगळवार, नऊ चाळीस, फोन

आधीच माफी मागतो. माझ्या शुद्धलेखनात चुका निघतील आणि मोठे शब्द मला येत नाहीत. मी एक फळा आहे, आणि दुसरीच्या पुढे माझं शिक्षण झालेलं नाही.

ते असं झालं. जर्मनीत एर्लांगेनजवळच्या एका प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गात मी खिडकीशेजारी होतो. मोठा फळा समोर होता, मी बाजूचा. माझ्यावर आजची तारीख आणि गैरहजर मुलांची नावं लिहायचे. मग वर्गात काचेचा पडदा आला, बोटाने लिहायचा. मला तळघरात रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यांमागे ठेवलं. दोन हिवाळे मी अंधारात होतो. तेव्हा माझा उजवा कोपरा चिरला.

पुढे रविवारच्या जुन्या बाजारात मला एका बाईने विकत घेतलं. तिने मला सायकलला दोरीने बांधलं आणि सगळ्या रस्ताभर एक हात माझ्या पाठीवर ठेवला. ती थायलंडची. पासपोर्टवर तिचं नाव पिमचनोक, पण तिकडे प्रत्येकाला घरचं एक छोटं नाव असतं. तिचं फॉन. त्यांच्या भाषेत फॉन म्हणजे पाऊस.

तिचा नवरा करण. जन्म इंग्लंडमधल्या लेस्टरचा, पासपोर्ट ब्रिटिश, बोलणं मराठी. हॉस्पिटलमधली मोठी यंत्रं दुरुस्त करायला तो गावोगाव फिरतो. त्यांची मुलगी केया सात वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. आणि करणची आई, मालविकाबाई. त्या लेस्टरला राहतात, वरचेवर इथे येतात. पण ब्रिटिश पासपोर्टवर आता एकशे ऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येतं, म्हणून त्या रोज सकाळी माझा चिरलेला कोपरा सोडून मला पुसतात आणि त्या कोपऱ्यात एक रेघ ओढतात. ही गोष्ट घडली तेव्हा एकसष्ट रेघा होत्या.

लेस्टरला मालविकाबाईंनी वीस वर्षं रविवारची मराठी शाळा चालवली. त्यांच्यामुळे या घरात माझ्यावर सगळं मराठीत लिहिलं जातं. मीही मराठी इथेच शिकलो.

सुनेला त्या फॉन म्हणत नाहीत. लग्नात तांदळात नाव लिहितात तसं त्यांनी लिहिलं होतं, वर्षा. अर्थ तोच ठेवला, एवढी काळजी त्यांनी घेतली. फॉन त्यांना मॅ म्हणते, म्हणजे थाई भाषेत आई.

"बकरीसारखी हाक मारते मला," मालविकाबाई म्हणतात, पण हाक आली की लगेच ओ देतात.

दोघी आपसात इंग्रजीत बोलतात. मी ते मराठीत सांगतोय.

आता मूळ गोष्ट. फॉनची आई तिकडे थायलंडमध्ये, खोन केनला एकटी असते. तिच्या हृदयाचं ऑपरेशन शुक्रवारी ठरलं. फॉनचं विमान बुधवारचं. पण फॉनचं इथे राहण्याचं कार्ड संपलं होतं आणि नवीन यायला महिने लागणार होते. मधल्या काळासाठी एक कागद मिळतो. त्याच्या लांबलचक जर्मन नावाचा अर्थ करणने आईला सांगितला होता, काल्पनिक दाखला. त्यावर तीन चौकोन असतात. योग्य चौकोनात खूण असेल तरच बाहेर जाऊन परत येता येतं. कागदाशिवाय ती गेली असती, तर परत केयापाशी कधी येता येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि परदेशी लोकांच्या कचेरीत तारीख मिळत नव्हती. तीन आठवडे माझ्यावर एकच शब्द होता: तारीख? पुढे प्रश्नचिन्ह. मालविकाबाई रोज ते पुसायच्या आणि रोज नव्याने लिहायच्या.

सोमवारी सकाळी सहाला करण बूट घालता घालता मोबाइल बघत होता. फॉन चारलाच बेकरीत कामाला गेली होती. घर झोपलं होतं.

"मिळाली! फॉनची तारीख मिळाली!" तो मलाच म्हणाला. कुणीतरी आपली वेळ सोडली होती. त्याला रेगेन्सबर्गची गाडी पकडायची होती. त्याने खडू उचलला आणि घाईघाईने लिहिलं:

मंगळ. ९.४० फोन. सगळे कागद.

त्याला फॉन लिहायचं होतं. वरचा अर्धचंद्र राहिला आणि तिथे मात्रा पडली. खडू लागतानाच मला कळलं. पण फळा काय करणार? माझ्यावर पडतं ते मी दाखवतो.

दुपारी फॉन आली. तिला देवनागरी येत नाही. "मॅ, काय लिहिलंय?"

मालविकाबाईंनी चष्मा लावला. "मंगळवारी नऊ चाळीसला फोन. सगळे कागद जवळ ठेव. अगंबाई, कचेरीतून फोन येणार दिसतोय!"

संध्याकाळी करणचा फोन आला. तिने मोबाइल माझ्याखालच्या ओट्यावर ठेवला. मागे यंत्राची घरघर होती.

"फळा पाहिलास ना?"

"पाहिला. मॅने वाचून दाखवला."

"नऊ चाळीस. उशीर करू नकोस हं."

"उशीर कसा होईल? मी नऊपासूनच बसते."

"हो, नऊपासूनच बस. उद्या मी हॉस्पिटलच्या तळघरात असेन, तिथे नेटवर्क नाही."

दोघंही खूश होते. मी खिळ्यावर लटकलेला होतो आणि मला घाम फुटला असता तर सगळे शब्द वाहून गेले असते. तेही बरं झालं असतं.

मंगळवारीही मालविकाबाईंनी मला पुसलं नाही. ओळ महत्त्वाची म्हणून तशीच ठेवली. फॉन बेकरीतून रजा घेऊन नऊ वाजता टेबलाशी बसली. आवाज पूर्ण मोठा केलेला मोबाइल मध्ये, बाजूला पासपोर्ट, लग्नाचा दाखला, पगाराच्या पावत्या. शाळेला सुट्टी होती म्हणून केया घरीच होती.

नऊ चाळीस झाले. नऊ पन्नास झाले. फॉन मोबाइल उचलून बघायची आणि परत त्याच जागी ठेवायची.

"सरकारी काम आहे. ते काय घड्याळ लावून बसतात?" मालविकाबाई म्हणाल्या. चहा गार झाला होता.

"मॅ, इथे लावून बसतात."

केया चुळबुळ करत होती. तिला गुंतवायला मालविकाबाई म्हणाल्या, "केया, वाच बरं फळ्यावरचं. जोडून वाच."

केया खुर्चीवर चढली. बोट माझ्या अंगावरून फिरवत वाचू लागली. "मं-ग-ळ. नॉइन फीर्त्सिग. फो-न." मग म्हणाली, "मामा!"

"कोण मामा? तुला कुठून आला मामा?"

"नाइन, आजी! मामा! डास इस्ट मामा!" तिने आईकडे बोट केलं. जर्मनमध्ये नाइन म्हणजे नाही, आणि मामा म्हणजे आई.

"अगं, फोन म्हणजे टेलिफोन."

"नाइन. डास इस्ट हॅन्डी," केया टेबलावरच्या मोबाइलकडे बघत म्हणाली. मग आजीला समजावं म्हणून कष्टाने मराठीत आली. "पापा मामाला फॉन म्हणतो. फोन मामा आहे."

मालविकाबाईंचा हात तोंडावर गेला. फॉनने केयाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कागद गोळा करू लागली. एक पावती टेबलाखाली गेली, ती केयाने काढून दिली. दार आपटलं. सायकलची साखळी वाजली. तेव्हा नऊ अठ्ठावन्न झाले होते.

पुढचे तीन तास मला कसे गेले ते सांगता येणार नाही. मालविकाबाई ओटा पुसत होत्या, पुसलेलाच परत पुसत होत्या. "तिच्या आईने ठेवलेलं नाव होतं," त्या केयाला म्हणाल्या. "मी घरात तेवढं जरी वापरलं असतं तरी मला वाचता आलं असतं गं."

"आजी, वाइन निश्त," केया म्हणाली. रडू नको.

एक वाजता दार उघडलं. फॉनचे केस कपाळाला चिकटले होते. ती आधी खाली बसली, पाणी प्यायली आणि मग सांगू लागली.

"खिडकीतली बाई म्हणाली, वेळ गेली, तारीख गेली. नवीन तारीख नेटवर घ्या. मी म्हटलं, ठीक. पण घरी यायला पाय उठेनात. बाकावर बसून राहिले. बारा वाजता ती दार लावायला आली. म्हणाली, अजून इथेच? मग मी तिला सगळं सांगितलं. माझं नाव, फळा, सासूबाई. ती म्हणाली, फोन? टेलिफोनसारखं? आणि हसायला लागली. हसत हसत दार परत उघडलं."

"आणि?"

फॉनने कागद टेबलावर ठेवला. मालविकाबाईंनी चष्मा लावून एक एक चौकोन बोटाने मोजला. तरी विश्वास बसेना. फोटो काढून करणला पाठवला. दोनला तो तळघरातून वर आला आणि लगेच फोन केला.

"आई, तिसरा चौकोन. बरोबर आहे. परत येता येईल."

"नीट बघ. तू कालही नीटच लिहिलं होतंस."

तो म्हणाला, "चुकलं, आई."

"अर्धचंद्र मीच शिकवला होता तुला. पण सून काही फक्त तुझ्या चुकीने अडली नाही." त्यांनी मोबाइल केयाच्या हातात दिला आणि फॉनसाठी भात गरम करायला घेतला. "फॉन," त्या ओट्याकडे तोंड करून म्हणाल्या, "जेवून घे." शब्द जरा अडखळला, पण बरोबर आला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, रात्रीच परतलेला करण गाडी घेऊन खाली थांबला होता. बॅग दाराशी होती. फॉन परत स्वयंपाकघरात आली. तीन वर्षांत तिने माझ्यावर कधी काही लिहिलं नव्हतं. कुणाला वाचता येणार नाही, असं तिला वाटत असावं. तिने ओलं फडकं घेऊन रेघांचा कोपरा सोडून मला स्वच्छ पुसलं, मी वाळेपर्यंत थांबली आणि खडू उचलला. तिच्या लिपीत, शब्दांमध्ये जागा न सोडता, एक लांब ओळ लिहिली. गोल गोल, डोक्यावर लहान खुणा असलेली.

"काय लिहिलंस गं?" मालविकाबाईंनी विचारलं.

"येऊन वाचून दाखवते, मॅ."

ती गेली. ऑपरेशन शुक्रवारी आहे. ते कसं होईल मला माहीत नाही. सीमेवरचा माणूस तो कागद कसा वाचेल, तेही मला माहीत नाही. ओळीतलं एक अक्षरही मला कळत नाही. म्हणून या घरात येणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, फडकं माझ्यापासून जरा लांब ठेवा.

त्या सकाळी चहाची किटली उकळली आणि वाफ सरळ माझ्याकडे आली. मी अंग आवळून धरलं आणि एकही खूण ओघळू दिली नाही.