चाक टेकल्यावर

"टॉर्च बोल्टावर धर. माझ्या तोंडावर काय बघायचंय?"

तिने टॉर्च बोल्टावर धरला. नवरा जीपखाली उताणा पडला होता आणि ती गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून त्याला उजेड पुरवत होती. भर दुपार होती, पण जीपखाली दुपार पोचत नाही. चारही चाकं काढून जीप लोखंडी घोड्यांवर चढवली होती. बाजूला चाकांचे हादरे झेलणारे जुने पाटे पडले होते, वजन वाहून वाहून सपाट झालेले. नवे काळे कुळकुळीत आणि छान कमानदार होते.

जीप तिच्या वडिलांची. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. चाळीस वर्षं ट्रकांचे पाटे बदलले त्यांनी. दोन वर्षांपूर्वी जॅक घसरला आणि मणका गेला. आता पुढच्या खोलीत, खिडकीला लागून त्यांची खाट होती. सकाळी उशांच्या आधाराने अर्धा तास बसता येई, आणि तेवढ्या वेळात ते स्वतःच्या हाताने दाढी करत. वस्तऱ्याला कुणी हात लावायचा नाही! सगळं राज्य गेलं होतं, पण एवढ्यापुरते ते अजून राजे होते.

महिन्यापूर्वी त्यांनी एकच मागणं केलं. "पोरी, एकदा धरणापर्यंत ने मला. आपल्या जीपमधून."

डॉक्टर म्हणाले होते, न्या, पण गादीवर निजवून, आणि हादरा बसता कामा नये. म्हणून नवे पाटे आणले. त्यासाठी ती नवऱ्याच्या किती मागे लागली होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

नवरा मिस्त्रींच्याच गॅरेजात घडलेला. अकरा वर्षं तिथे होता, त्यातली पहिली चार नुसता टॉर्च धरून. मिस्त्री त्याला ठोंब्या म्हणत. गिऱ्हाइकासमोर म्हणत, चहावाल्यासमोर म्हणत, लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाही म्हणाले. मग मुलगी का दिली? तर त्याचा हात चांगला होता म्हणून. हे त्यांनी मुलीला सांगितलं, बायकोला सांगितलं. त्याला मात्र कधी सांगितलं नाही.

एकदा त्याने गाडी अधांतरी असतानाच पाट्याच्या टोकांचे बोल्ट आवळून टाकले होते. मिस्त्रींनी हातातला पाना त्याच्या बोटांवर हाणला. "चाक टेकल्यावर कसायचं! वजन यायच्या आधी कसलंस, तर आतलं रबर पिळलेलंच राहतं. गाडी फळीसारखी आपटते." करंगळीशेजारचं बोट अजून वाकडं आहे. हे वाक्य तिनेही पाढ्यांच्या आधी ऐकलेलं.

आता खिडकीतून तेच आलं. "जावईबापू, चाक टेकल्यावर कसा हं!"

नवऱ्याने पान्याला लांब पाइप लावला आणि पहिला बोल्ट कसायला घेतला.

"अहो, बाबा म्हणतायत..."

"ऐकलं मी."

"मग आत्ता नुसते हाताने लावून ठेवा ना. चाकं घातल्यावर कसू."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. अगदी शांत होता. "मला माहीत नाही, असं वाटतं तुला?"

गुरूची विद्या गुरूला म्हणतात, पण ती अशी परत जाताना तिने पाहिली नव्हती. उठावं, टॉर्च फेकून द्यावा, ओरडावं. पण ओरडलं तर हा पाना टाकून उठेल आणि जाणंच रद्द होईल. रात्री निवेल, मग सैल करील. असं तिने स्वतःला समजावलं आणि बाराच्या बारा बोल्ट घट्ट होईपर्यंत टॉर्च धरून बसली. हात जरासुद्धा हलला नाही.

त्याने काही सैल केलं नाही.

रविवारी शेजाऱ्यांनी मिस्त्रींना चादरीसकट उचलून मागे गादीवर ठेवलं. डोकं तिच्या मांडीवर. निघताना ते लहान मुलासारखे हसत होते. कोपऱ्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात जीप अशी आपटली, की हसू तिथेच थांबलं. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"अहो, हळू!"

"हळूच चाललोय. रस्ताच तसला आहे." आरशात त्याचे डोळे दिसत होते. "काय मिस्त्री, कसे बसलेत पाटे?"

मिस्त्रींच्या कपाळावर घाम डवरला होता. ओठ दातांत धरलेला. तो सोडून ते म्हणाले, "छान बसलेत. तुझा हात चांगला आहे रे."

हे ऐकायला त्याने अकरा वर्षं वाट पाहिली होती. तरी त्याने वेग कमी केला नाही. धरण आलं तेव्हा मिस्त्रींचे डोळे गच्च मिटलेले होते. पाणी न बघताच ते परत आले.

सोमवारपासून त्यांना बसता येईना. डॉक्टर म्हणाले, आता उठवायचा प्रयत्न करू नका. नवरा दारात उभा राहून ऐकत होता, वाकडं बोट चोळत. मग कामावर गेला.

गुरुवारी तिने रजा काढली आणि एकटीच जीपखाली शिरली. टॉर्च दातांत. चाकं जमिनीवर टेकलेलीच होती. तिने एकेक बोल्ट सैल केला. कर्रकन आवाज करत रबर सुटत गेलं आणि जीप दोन बोटं खाली बसली. मग तिने सगळे बोल्ट पुन्हा कसले.

खिडकीतून आवाज आला. "आता बसली."

हात धुऊन ती आत गेली. "बाबा, उद्या जाऊ या? मी चालवते. एक हादरा लागू देणार नाही."

मिस्त्री आढ्याकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "जीपमधली गादी आत आण. उगाच धूळ खाईल."

तिने गादी आत आणली. मग दाढीची वाटी आणि वस्तरा घेऊन खाटेच्या कडेला बसली. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि निजल्या निजल्या हनुवटी वर केली.