मुकाट अभ्यास आणि आण्णांचं गुऱ्हाळ

दिवाळीची सुट्टी संपली की शितल अभ्यासाला लागायचं ठरवायची. आधी चार रंगांच्या पेनांनी वेळापत्रक करायची. त्यात एक आठवडा जायचा. ते भिंतीवर कुठं लावायचं, यात दुसरा जायचा. तिसऱ्या आठवड्यात वेळापत्रकातला पहिला आठवडा निघून गेलेला असल्यामुळं नवं वेळापत्रक करावं लागायचं. घरच्यांना ही तिची पद्धत ठाऊक होती आणि तिच्यात कुणी ढवळाढवळ करत नसे.

यंदा मात्र तिनं मोबाइलसमोर बसून, लाइव्ह, सगळ्या जगादेखत अभ्यास करायचं ठरवलं. कुणी बघत असलं की माणूस निदान पान तरी उलटतो, असा तिचा हिशोब होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. तिनं चॅनलला नाव दिलं 'मुकाट अभ्यास'. नियम दोनच. संध्याकाळी पाचला प्रत्येकानं लिहायचं, आज काय करणार. सातला लिहायचं, खरं काय झालं. मधे कुणी शब्द काढायचा नाही.

पहिल्या दिवशी नऊजण आले. त्यांतल्या तिघी तिच्या मावसबहिणी होत्या आणि एक तिचा चुलतभाऊ विनोद, जो पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसून बघत होता.

अडचण एकच होती. यवत आणि केडगावच्या मधल्या त्यांच्या वस्तीवरच्या घरात मोबाइलला रेंज मिळे ती फक्त पूर्वेच्या पडवीत, आणि पूर्वेला, बांधापलीकडं, शेजारच्या आण्णांचं गुऱ्हाळ होतं. दिवसभर मोटरची घरघर, चरकाची करकर, पट्ट्याची फटफट. अधूनमधून काहिलीतला पाक तयार झाला की उत्तर भारतातून आलेला गुळव्या ओरडायचा, "उतारो, उतारो!" शितलनं पहिल्याच दिवशी लिहिलं, 'आवाजाबद्दल माफी असावी.'

पाचव्या दिवशी अमावस्या होती. गुऱ्हाळ बंद होतं. शितलला वाटलं, आज पोरं खूश होतील. दहाव्या मिनिटाला पाबळच्या ज्ञानेश्वरीनं विचारलं, 'आज म्युझिक का नाही?' तिच्या मागोमाग अकराजणांनी तेच विचारलं.

तर पोरांनी त्या घरघरीला म्युझिक म्हणायला सुरुवात केली होती. त्यात नवल नव्हतं. आजकाल पोरांना नुसत्या शांततेत अभ्यास होत नाही. जपानमधल्या कुठल्याशा कॉफीच्या दुकानाचा आवाज कानात घालून लोणी काळभोरची पोरं स्पर्धा परीक्षा करत होती. त्या मानानं गुऱ्हाळ घरचं होतं. महिन्याभरात दीडशेजण येऊ लागले. 'उतारो' ऐकू आलं की सगळ्यांनी उठून चहा घ्यायचा, असा तिसरा नियम आपोआप पडला.

या दीडशेंत शिरूरची सुमैया होती. तिचे अब्बा इब्राहिमभाई शेतीपंपांच्या जळालेल्या मोटरी नव्या तारेनं भरून द्यायचे. दुकानाच्या मागच्याच खोलीत ती लहानाची मोठी झाली होती. दहावी-बारावीचा सगळा अभ्यास मोटरींच्या घुमण्यात झाला आणि चांगला झाला. मग अब्बांनी दूर, चांगल्या वस्तीत घर घेतलं. तिथं इतकी शांतता होती की कपाटात ठेवलेली नापासाची मार्कशीटसुद्धा ऐकू यायची, असं सुमैयानंच एकदा लिहिलं होतं. बी.एस्सी.चा रसायनाचा एक पेपर तिचा दोनदा राहिला होता. तिसरी खेप या शुक्रवारी होती. बसायचं की नाही हे तिचं ठरत नव्हतं. रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम तयार होतं, एक तारखेपासून. तिथं जाणाऱ्याला थर्मोडायनॅमिक्स कुणी विचारत नाही.

बाकी दुसऱ्यांच्या अडचणी सोडवण्यात ती पटाईत होती. सात वाजले की कुणाचं गणित, कुणाचं समीकरण ती दोन ओळींत सोडवून द्यायची. स्वतःच्या नावापुढं मात्र रोज लिहायची, 'अर्धंच झालं.'

सोमवारी तिनं नियम मोडून मधेच लिहिलं, 'शितल, तुमच्या गुऱ्हाळाच्या मोटरचं बेअरिंग जायला लागलंय. कुरकुर ऐकू येतेय. त्यांना सांग.'

शितलनं त्यावर एक लाल बदाम टाकला.

शितल काही निष्काळजी मुलगी नव्हती. कुणाचा पेपर अवघड गेला, तिनं बदाम टाकला. कुणाची आजी दवाखान्यात होती, तिनं बदाम टाकला, आणि तो मनापासून टाकला. बदाम टाकला की आपलं कर्तव्य झालं, असं तिला वाटे. तिच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना वाटतं आणि आधीच्या पिढीनं तर आता तिच्याहून जास्त बदाम टाकायला घेतलेत.

मंगळवारी दुपारी आण्णांची मोटर बसली.

पाच वाजता शितल पडवीत आली तेव्हा बांधापलीकडं सगळं गप्प होतं. विनोद म्हणाला, "त्यात काय! शनिवारचं रेकॉर्डिंग हाय की. मागं स्पीकर ठेवू, लावून देऊ. कुणाच्या बापाला कळतंय?"

"फसवणूक होईल रे."

"म्युझिकच हाय ना? सगळी दुनिया रेकॉर्डिंग ऐकती."

हे शितलला पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. स्पीकर लागला. घरघर सुरू झाली. दीडशे माना खाली गेल्या. कुणाला काही कळलं नाही. विसाव्या मिनिटाला शनिवारचा गुळव्या 'उतारो' ओरडला आणि शिरूर ते पाबळ सगळ्यांनी निमूट उठून चहा घेतला.

मग सुमैयानं लिहिलं, 'हा आवाज आजचा नाही.'

लगेच पुढचं आलं.

'कुरकुर सोमवारपासून होती. ही तर चांगली मोटर आहे. म्हणजे रेकॉर्डिंग आहे. म्हणजे मोटर गेली. मी सांगितलं होतं, तू बदाम टाकलास. मला वाटायचं इथं आपण एकमेकांचं ऐकतो.' आणि खाली आणखी एक ओळ. 'असो. शुक्रवारी मी पेपरला बसत नाही. कंपनीला हो म्हणून सांगते. तुमचं सगळ्यांचं चांगलं होवो.'

त्या ओळीवर पाच मिनिटांत सदतीस बदाम पडले.

शितलनं वही मिटली. तिनं सुमैयाला मेसेज केला, 'सॉरी'. मग मोठा सॉरी. मग 'प्लीज बस ना गं पेपरला'. एकाचंही उत्तर आलं नाही. विनोद स्पीकर उचलून शेजारच्या खोलीत गेला आणि दार लावून मुकाट अभ्यास करू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच.

शितल बांध ओलांडून गुऱ्हाळावर गेली. आण्णा उघड्या मोटरीसमोर उकिडवे बसले होते.

"आण्णा, मोटर कशानं गेली?"

"वायरमन म्हणतोय व्होल्टेजनं. गुळव्या म्हणतोय पट्ट्यानं. तुझी काकू म्हणतीया, नारळ फोडला न्हाई म्हणून."

"बेअरिंगनं गेलीय."

आण्णांनी वर पाहिलं. "तुला काय ठावं?"

"शिरूरच्या एका मुलीनं सोमवारीच सांगितलं होतं."

"सोमवारी? हितं कवा आलती?"

"आली नव्हती. मोबाइलवर ऐकून."

मग शितलला सगळंच सांगावं लागलं. दीडशे मुलं, पाच ते सात, आणि त्यांचं म्युझिक. आण्णांनी ते दोनदा सांगायला लावलं.

"माझं गुऱ्हाळ ऐकत्यात? आवडीनं?"

"हो."

"आगं, ह्या आवाजावर ग्रामपंचायतीत दोन अर्ज पडल्यात. त्यातला एक तुझ्या बापाचा हाय." आण्णांनी जरा वेळ मिशीवरून हात फिरवला. दीडशे हा आकडा त्यांच्या आत उतरायला वेळ लागत होता. मग त्यांना मुद्दा आठवला. "आन् सोमवारी कळलं व्हतं, तर मला का न्हाई सांगितलंस?"

"मी बदाम टाकला."

"कशात?"

शितलनं मोबाइलवरचा तो बदाम त्यांना दाखवला. मग सुमैयाच्या पेपरचंही सांगितलं.

आण्णा म्हणाले, "फोन लाव तिला."

"नंबर नाही माझ्याकडं. मेसेजला उत्तर देत नाहीये."

"काय लिवलंवतंस?"

"सॉरी."

"त्याला काय उत्तर देनार? लिव, आण्णाला मोटरीचं इचारायचंय. मोटर उघडून ठेवलीया."

एका मिनिटात नंबर आला.

आण्णांनी फोन लावला आणि तो मोटरीच्या तोंडाशी धरला, जणू डॉक्टरांना पेशंट दाखवायचा होता. शितलनं तो हळूच त्यांच्या तोंडाकडं वळवला.

"आण्णा, आधी शाफ्ट हातानं फिरवून बघा," पलीकडून आवाज आला. "फिरतो का?"

"जड फिरतोय. एका जागी आडतोय."

"आत नाक घालून वास घ्या. जळाल्याचा येतो का?"

आण्णांनी नाक घातलं. बाहेर काढलं तेव्हा त्याला ग्रीस लागलं होतं. "न्हाई. ग्रीसचा येतोय."

"मग वायंडिंग वाचलंय. नुसतं बेअरिंग बदला. वायरमन सगळी मोटर भरायला काढायची म्हणत असेल."

"तेच म्हनतोय."

"भरू देऊ नका. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तेवढा वाचून दाखवा. अब्बांकडं असेल."

नंबर शितलनं वाचला. सुमैयानं तो परत म्हणून घेतला. काम संपलं होतं. फोन ठेवायची वेळ झाली होती. आण्णांनी तो ठेवला नाही.

"पोरी, तू शिकतीस काय?"

"बी.एस्सी. करत होते."

"व्हते म्हंजी?"

"एक पेपर दोनदा गेलाय, आण्णा."

"माझी मोटर चौथ्यांदा गेलीया," आण्णा म्हणाले. "चरकाला त्याचं काय न्हाई. मोटर लावली की त्यो आपला पयला ऊस आसल्यावानी फिरतोय." एवढं बोलून त्यांना वाटलं की आपण उगाच उपदेश केला, म्हणून घाईघाईनं पुढं म्हणाले, "ते जाऊंदे. उद्या विनोद न्हावऱ्यावरनं शिरूरला येऊन बेअरिंग नेईल. पाच वाजता बसवतो. पर तू ऐकायला पायजेस. तुझ्याबिगर मी बटण दाबायचा न्हाई. दोन गाड्या ऊस वाळत पडलाय, त्याचं पाप तुझ्यावर."

"आण्णा, ही काय जबरदस्ती?"

"व्हय," म्हणून आण्णांनी फोन ठेवला.

बुधवारी पाचला शितल पडवीऐवजी बांधावरच बसली. तिनं आधी सगळ्यांना खरं सांगितलं, की कालचा आवाज शनिवारचा होता. मग मोबाइल मोटरीकडं करून धरला. आण्णांनी नवं धोतर नेसलं होतं. दीडशेजण आपल्याला बघणार, हे त्यांना कळलं होतं, ते मोटरीला बघणार आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

पाच वाजून दहा मिनिटं. सुमैया नव्हती. आण्णा बटणाजवळ बोट धरून उभे. गुळव्या म्हणाला, "चालू करूँ क्या, अण्णा?" आण्णा म्हणाले, "हात लावू नगं." ज्ञानेश्वरीनं लिहिलं, 'कुणीतरी फोन करा तिला.' कुणी बदाम टाकला नाही. दीडशेजण एका बंद मोटरीकडं बघत होते, आणि त्या महिन्यात इतकं लक्ष लावून त्यांनी पुस्तकाकडंही पाहिलं नव्हतं.

सतराव्या मिनिटाला तिचं नाव आलं. 'चालू करा.'

बटण दाबलं. मोटर घुमली. पट्टा फटफटला.

'बंद करा. पट्टा ढिला आहे.'

शितलनं ओरडून सांगितलं. आण्णांनी पट्टा ताणला. पुन्हा बटण. चरक करकरला, पहिला ऊस आत गेला.

दहा-बारा ऊस पिळून झाले. मग आलं, 'चालू द्या.' आणि त्याखाली, पाचला लिहायचं ते पावणेसहाला: 'थर्मोडायनॅमिक्स. प्रकरण दोन आणि तीन.'

सातला तिनं लिहिलं, 'दोन झालं. तीन अर्धं.' गुरुवारी तीन पूर्ण झालं, चार राहिलं. पेपरला बसणार की नाही, हे तिनं लिहिलं नाही आणि विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

शुक्रवारी पेपर अकराला होता. साडेदहाला शितलनं मोबाइल उचलला. शुभेच्छांचा मेसेज लिहिला, बदामावर बोट नेलं, मग ते सगळं पुसून तिनं सरळ फोन लावला. उचलला तो एका पुरुषानं. मागं कुठलीशी मोटर घुमत होती.

"सुमैया आहे का?"

"मैं उसका अब्बा. बोला."

"मी शितल. यवतकडची. ती... घरी आहे का?"

"घरी कशी असणार? पेपरला गेली. मोबाइल दुकानात ठेवून गेली, आत नेऊ देत नाहीत." इब्राहिमभाईंनी मागच्या कुणाला तरी मोटर बंद करायला सांगितलं. "बरं झालं तुम्ही फोन केलात. तुमचे ते आण्णा सकाळपासून तीन वेळा फोन करून विचारतायत, मोटर तापली तर काय करायचं. मी म्हणतो, नवं बेअरिंग, तापेल कशाला? तर म्हणतात, तुम्हाला नाही, पोरीला विचारायचंय. गेली का ती पेपरला, म्हणतात, आणि मी सांगायच्या आत दर वेळी फोन कट होतो. मला काही समजेना. खरंच तापलीय का हो मोटर?"

शितलनं बांधापलीकडं पाहिलं. उसाच्या गाडीला उशीर झाला होता, काहिलीखालचं चुलवाण अजून पेटलंही नव्हतं. गार मोटरीशेजारी खुर्ची टाकून आण्णा हातातल्या मोबाइलकडं टक लावून बसले होते.

"थोडी तापलीय," शितल म्हणाली. "तुम्ही त्यांना फोन करून सांगा, चाचा. ती पेपरला गेली म्हणून."