फाटकापलीकडे राहिलेली बस

मित्रांनो, माझ्या फुटक्या खिडकीतून एक वेल आत शिरली आहे आणि ड्रायव्हरच्या सीटवर ऐसपैस बसली आहे. माझ्या चाकांत हवा नाही. समोर रेल्वेची लाइन, लाइनीपलीकडे माझं चर्च. दिसतं सगळं, पण जाता येत नाही. मी एक जुनी बस आहे. इथे कशी अडकले ते ऐका, मग माझी कीव करायची की नाही ते तुम्हीच ठरवा.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पिवळीधमक होते. मिसिसिपी राज्यातल्या एका खासगी शाळेनं मला घेतलं. तिथली सगळी मुलं गोरी होती. असं का, ते मला कोणी सांगितलं नाही. मुलं गोड होती, माझ्या सीटांखाली च्युइंगम चिकटवायची. पुढे माझं इंजिन खोकायला लागलं, तेव्हा शाळेनं मला विकून टाकलं. लाइनीपलीकडच्या चर्चचे पाद्री रेव्हरंड टॉलिव्हर मला घेऊन गेले. त्यांनी मला पांढरा रंग दिला आणि पोटावर निळ्या अक्षरांत चर्चचं नाव लिहिलं. आता माझ्यात बसणारी सगळी माणसं काळ्या वर्णाची होती. सीटा त्याच होत्या, च्युइंगमही तेच.

रेव्हरंड आठवडाभर मासे साफ करण्याच्या कारखान्यात राबायचे आणि रविवारी प्रवचन करायचे. आधी साधं बोलायचे. मग आवाज तापायचा आणि शब्द हळूहळू सुरात शिरायचे. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, ते कळायचंच नाही. बाहेर उभ्या माझ्या काचा थरथरायच्या. देवाचं नाव असं गाऊन सांगितलं की लोखंडालाही कान येतात, हे मी स्वतःवरून सांगते.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात ओहायोच्या विद्यापीठातून नीलांबरी आली. मूळची वाईची, कीर्तनकारांची मुलगी. गरिबी आणि मतदान यांवर तिचं संशोधन चालू होतं. तिच्याकडे पारदर्शक कागदावर काढलेले तीन नकाशे होते. एकात गरीब भाग रंगवलेला, दुसऱ्यात काळ्या लोकांची वस्ती, तिसऱ्यात कोणी कोणत्या पक्षाला मत दिलं ते. तिन्ही एकावर एक ठेवले की नदीकाठचा तोच पट्टा उमटायचा. आमचं गाव त्या पट्ट्यातच होतं.

पहिल्याच रविवारी तिची फजिती झाली. आमच्या चर्चमध्ये एक जण भजनाची ओळ पटकन म्हणून देतो आणि बाकीचे ती संथ, लांबवत लांबवत गातात. नीलांबरीनं लहानपणी कीर्तनात वडिलांच्या मागे टाळ धरलेला. तिनं ओळ ऐकली आणि लगेच ठेक्यात म्हणून टाकली. सगळे पहिल्या शब्दावर होते तेव्हा ती शेवटच्या शब्दावर एकटीच उभी होती.

"पोरी, तुला कुठली गाडी पकडायची आहे?" मिस ओडेसा म्हणाल्या. सगळं चर्च हसलं.

मिस ओडेसा माझ्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. त्यांच्या आईला काळी म्हणून आयुष्यभर मत देऊ दिलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी स्वतः एकही मतदान चुकवलं नव्हतं. मत द्यायला कधी एकटं जायचं नाही, सगळ्यांनी मिळून जायचं, ही आईची शिकवण त्या पाळायच्या. मतदानाच्या दिवशी डोक्यावर चांगली हॅट आणि हातात चर्चचा पुठ्ठ्याचा पंखा असायचाच.

लाइनीच्या या बाजूला, आता मी उभी आहे तिथे, डेलचं गॅरेज. डेल गोरा, पण छप्पर गळकं म्हणून वर निळी ताडपत्री. माझी दुरुस्ती तोच करायचा. नीलांबरीनं त्याला मिस ओडेसांसमोरच विचारलं, "तुम्ही दोघंही गरीब, मग मतं वेगळी का?"

"माझा बाप तिकडेच द्यायचा," डेल म्हणाला. "आणि मिस ओडेसांची बाजू जिंकली, तर माझं छप्पर कोण शाकारणार?"

"तुझी बाजू जिंकलीच होती की गेल्या वेळी," मिस ओडेसा म्हणाल्या. "ताडपत्री नवी दिसतेय, एवढं मात्र खरं."

त्या वर्षी मतदानाची जागा चर्चच्या बाजूच्या शाळेतून हलवून इकडे, डेलच्या बाजूला आणली. मतदानाच्या दिवशी माणसं कारखान्यातून सुटून माझ्यात बसली, तेव्हा संध्याकाळ झाली होती. दार सातला बंद होणार होतं. आम्ही फाटकापाशी पोचलो आणि समोर मालगाडी येऊन उभी राहिली. पुढचं टोक दिसेना, मागचंही दिसेना. दुसरं फाटक पार पलीकडच्या गावात, आणि तेही त्याच गाडीनं अडवलेलं.

नीलांबरीचा मोबाइल वाजला. दूरच्या एडिसन शहरातून तिचा भाऊ यशोधन बोलत होता.

"अगं, तू तिथे काय करतेस? डेटा कलेक्ट केलास ना? निघ की यार."

"मी बसमध्ये अडकलेय, दादा."

"मग उतर."

"मला उतरता येईल रे. यांना नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन जण डब्यांच्या खालून पलीकडे जायला निघाले. रेव्हरंडनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. मग त्यांनी परत ड्रायव्हरच्या सीटवर बसून, स्टीअरिंगवर हात ठेवून ओळ दिली. सगळे गाऊ लागले. नीलांबरीही या वेळी संथ गायली. मिस ओडेसांचा पंखा गाण्याच्या लयीत हलत होता, पण त्यांची नजर गाडीच्या चाकांवर होती. चाकं हलत नव्हती. मित्रांनो, एवढं सुंदर गाणं पोटात आणि समोर लोखंडाची भिंत, असं मी पुन्हा कधी अनुभवलं नाही.

गाडी हलली तेव्हा काळोख पडला होता. मतदानाचं दार बंद होतं.

"सातच्या आत लाइनीत असायला हवं होतं," दारातला माणूस म्हणाला.

"आम्ही लाइनीतच होतो," मिस ओडेसा म्हणाल्या. "लाइनीवर तुमची गाडी उभी होती."

परतताना माझ्यात कोणी गायलं नाही.

पुढची चार वर्षं वाईट गेली. कारखाना बंद पडला. तरुण माणसं दूरच्या शहरांत गेली. माझे पत्रे गंजले. डेल म्हणायचा, "मिस ओडेसा, या म्हातारीला आता सोडा."

"म्हातारी कोणाला म्हणतोस रे?" त्या विचारायच्या, आणि तो माझ्या इंजिनाखाली शिरायचा.

दोन हजार आठचं मतदान आलं. नीलांबरी सुट्टी काढून आली. चर्चमध्ये सगळे जमले, आणि मालगाडी पुन्हा आडवी आली तर काय, असं एकमेकांना विचारू लागले.

"या पोरीनं पहिल्या रविवारी केलं तसं करायचं," मिस ओडेसा म्हणाल्या. "सगळ्यांच्या आधी पोचायचं आणि तिथे उभं राहून बाकीच्यांची वाट बघायची. कारखाना बंद झाल्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे."

उजाडायच्या आत आम्ही निघालो. लाइन मोकळी होती. रुळांवरून जाताना माझ्या पोटात काहीतरी तुटलं, पण मी थांबले नाही. मतदानाच्या दारासमोर पोचले आणि तिथेच माझं इंजिन बंद पडलं, ते कायमचं. दार उघडायच्या आधी आमची माणसं लाइनीत उभी होती. सगळ्यांत पुढे एक हॅट.

मिस ओडेसा मत देऊन परत आल्या तेव्हा मालगाडी फाटकात येऊन उभी राहिली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि डोक्यावरची हॅट नीट केली.

डेलनं सगळ्यांच्या मदतीनं मला ढकलत आपल्या अंगणात आणलं. आता रविवारी पलीकडचं गाणं ऐकू येतं. मधे गाडी उभी असली तरी ते डब्यांच्या वरून माझ्यापर्यंत येतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुठेतरी कसलं तरी दार उघडायचं तुमच्या हाती येईल. ते कुठे उघडायचं हे ठरवण्याआधी लाइनीपलीकडे कोण उभं आहे ते बघून या. आणि जिच्यातून माणसं पोचतात ती जुनी बस मोडीत काढण्याआधी तिच्यात एकदा डोकावून बघा.

माझ्या पहिल्या सीटवर अजून तो पुठ्ठ्याचा पंखा आहे. मी बंद पडले त्या दिवशी नीलांबरी तो उचलून मिस ओडेसांना द्यायला निघाली होती.

"राहू दे तिथेच," मिस ओडेसा म्हणाल्या. "पुढच्या वेळी लागेल."