सातवी सोडून चढा

पहिली पायरी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे, बांबूची. माझी गोष्ट मी खालून सांगणार आहे, कारण शिडीवर कोणी वरून चढत नाही. मला अकरा पायऱ्या होत्या. "होत्या" म्हणते आहे, हे लक्षात ठेवा.

मोहाडीच्या एका गल्लीत कवडू नावाचा शेतकरी राहत होता. गावाबाहेरच्या बोडीखाली, म्हणजे लहान तळ्याखाली, त्याची थोडी धानाची जमीन होती. एकाहत्तर साली त्याने स्वतःचे घर बांधले. मातीच्या भिंती आणि वर कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, छप्पर. घर पुरे झाले, मिस्त्री आपली शिडी घेऊन निघून गेला, आणि आपल्याच छपरावर चढायला आपल्याकडे काही नाही हे कवडूच्या तेव्हा ध्यानात आले. मग तो बैलगाडीतून सिहोऱ्याला गेला आणि दोन लांब बांबू घेऊन आला. त्याने ते उन्हात वाळवले, भोके पाडली आणि एकेक पायरी ठोकून बसवली. त्याची बायको उषाबाई दुसरे टोक धरून बसली होती. तीन वर्षांची चंद्रकला बांबूच्या ढलप्यांशी खेळत होती.

"अवो, अकरा काहून? दहात पुरते ना," उषाबाई म्हणाली.

"अकरावी तुह्या पोरीसाठी. मोठी होईन, चढन."

असा माझा जन्म झाला.


दुसरी

दरवर्षी वैशाखात गल्लीतली सहाही घरे कवेलू फेरायला काढत. म्हणजे छपरावरचे सगळे कवेलू उतरवायचे, झाडायचे, फुटके वेगळे करायचे आणि चांगले पुन्हा एकावर एक रचायचे. हे केले नाही तर आषाढात घरात गळतीखाली गंज-पातेली मांडून बसावे लागते. गल्लीत शिडी एकच होती, ती म्हणजे मी. मी या खांद्यावरून त्या खांद्यावर, या घरून त्या घरी फिरायची.

आणि जिथे मी टेकायची, तिथे सगळे घरवाले जमायचे. वर एक जण, बहुतेक शेजारचा डोमा, काम करी आणि खाली पाच जण सल्ला देत. त्यांचा पुढारी भैय्याजी. तो किराणा दुकानदार होता, अंगाने भरलेला, आवाजाने त्याहून भरलेला.

"पाय कवेलूवर नोको देऊ रे डोमा, लाकडाच्या बल्लीवर दे!"

"वळचणीपासून धर, वरून नोको येऊ!"

"वाजवून पाह्य पयले. टन वाजला त ठेव, भद वाजला त फेक."

"फेकू नोका जी," मंगलाबाई आपल्या दारातून ओरडायची, "माह्या कोंबड्याइच्या खुराड्यावर कामी येते ते."

"भैय्याजी, तुमचं घर कोन फेरते?" वरून डोमा विचारायचा.

"तुमीच. म्हनून त सांगून राहिलो ना!"

हसू थांबले की पुन्हा सल्ले सुरू होत. भिंतीची माती तीन दिवस भिजव, धानाचे तणीस बारीक कापून टाक, मग तुडव. बल्लीच्या टोकाला राईस मिलमधले जळके तेल लाव, उदई, म्हणजे वाळवी, येत नाही. वांदरे येत असतील तर आढ्यावर बाभळीच्या काट्या बांध. मित्रांनो, घर कसे टिकवावे याचे सगळे ज्ञान माझ्या पायाशी बोलले गेले. मी ते पाठ केले आहे.


तिसरी

मला तेव्हा फार मान होता. पोळ्याला बैलांना ओवाळून झाले की उषाबाई मलाही कुंकू लावायची.


चौथी

एकोणऐंशी साली भैय्याजी स्वतः वर चढला. काट्या कशा बांधायच्या ते त्याला डोमाला दाखवायचे होते. माझ्या सातव्या पायरीवर त्याने भार टाकला आणि पायरी कट् करून वाजली. ती तुटली नाही, पण आडवी चीर गेली.

भैय्याजी सुखरूप उतरला. मग खाली बैठक बसली. डोमा म्हणाला, तार गुंडाळा. भैय्याजी म्हणाला, लोखंडी सळाख घाला. मंगलाबाईचे मत सागाच्या दांड्याकडे होते. कवडू म्हणाला, बांबूच्या शिडीला बांबूच पाहिजे, पुढच्या बाजाराला आणतो. चहा संपला. बैठक उठली.

तोवर कोणी चुकू नये म्हणून उषाबाईने जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडला आणि त्याची चिंधी त्या पायरीच्या कडेला बांधली.

तो पुढचा बाजार सात वर्षे आला नाही. आणि गरजही कोणाला वाटेना, कारण सगळ्यांना माहीत होते. सातवी सोडून चढा, हे गल्लीतले लेकरूही सांगे. नवी सून आली की मंगलाबाई म्हणायची, "सासूचा राग मंग समजन बाई, पयले सातवी समजून घे." लोकांचे पाय शिकले. सहावीवरून थेट आठवीवर. कवडू तर डोक्यावर कवेलूंची टोपली घेऊन चढायचा. वर मान करता येत नसे, खाली पाहता येत नसे. तो चिंधी कधी पाहतच नव्हता. तोंडातल्या तोंडात मोजायचा. पाच, सहा, आठ.

सहा घरांची डागडुजी ज्यांना तोंडपाठ होती, त्यांच्याकडून माझी एक पायरी बदलली गेली नाही. मी रागावले नाही. उलट, सगळे माझ्या दुखऱ्या जागेला सांभाळून घेतात याचे मला सुख वाटायचे.


पाचवी

शहाऐंशीच्या वैशाखात चंद्रकलेचे लग्न ठरले. कारध्याचे स्थळ होते. कवडू पत्रिका वाटायला सिहोऱ्याकडे गेला होता. इकडे गल्ली मदतीला आली. चुना लावायला मला काढले, तर माझे दोन्ही पाय ओलीने कुजलेले निघाले.

"वहिनी, हे कुजलं वर चढत जाईन," भैय्याजी उषाबाईला म्हणाला. "हातभर कापून टाकतो. खाली पक्कं लाकूड लागलं पायजे."

सल्ला अगदी बरोबर होता. त्याने करवत आणली आणि दुपारभर घाम गाळून माझे पाय कापले. त्यात माझी पहिली पायरी गेली.

आता मला दहा पायऱ्या राहिल्या. मित्रांनो, पुढे मोजताना सांभाळा.


पुन्हा पाचवी (आधीची सहावी)

लग्नाच्या दारात मळकी चिंधी बरी दिसत नाही म्हणून उषाबाईने ती सोडली, धुतली आणि कुंपणावर वाळत टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कवडू परत आला. मागच्या पडवीत जेवायला बसला. मी तिथेच भिंतीला टेकून होते. बाकी घर पुढे मांडवात गुंतलेले होते. उषाबाई त्याला लाखोळीचे वरण वाढत होती.

"अवो, आयकता काय? भैय्याजींनं सिडीचे पाय कापले. चिंधी बी म्या सोडली. आता सातवी नाही, सहावी मोडकी हाय. ध्यानात ठेवा."

"बरं केलं," तो म्हणाला आणि हसला. "माह्या हातची सिडी. मले सांगून राहिली तू?"

त्याने ताट पुढे केले. तिने अजून एक पळी वाढली.

हे इतकेच. हे फक्त तीन जणांनी ऐकले. तिने, त्याने आणि मी.


सहावी (आधीची सातवी)

लग्न नीट पार पडले. चंद्रकला कारध्याला गेली. पाहुणे पांगले, मांडव उतरला. लग्नाच्या घाईत कवेलू फेरायचे राहिले होते आणि आभाळ लवकर भरून यायला लागले. कवडूने सकाळीच मला भिंतीला लावले. खाली सगळे जमले. भैय्याजी चहाचा कप घेऊन उभा होता. लाल चिंधी अजून कुंपणावर होती.

कवडूने टोपली डोक्यावर घेतली. त्याच्या डोक्यात उषाबाईचे सांगणे असेलही. पण मित्रांनो, शिडी डोक्याने चढत नाहीत. सात वर्षे शिकलेले पाय होते ते. मी त्याचे मोजणे ऐकत होते.

चार. पाच. सहा.

आठवी गाठायची म्हणून त्याने सहावीवर सगळा जोर दिला.


सातवी

त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेले. तिसऱ्या दिवशी गाडी परत आली. उषाबाई त्याच्या उशाशी बसली होती आणि रस्त्याला खड्डा आला की त्याचे डोके हाताने सावरत होती, जणू त्याला अजून लागणार होते.

अंगणात माझ्या पायरीचे तुकडे आणि फुटके कवेलू तसेच पडले होते. भैय्याजी माझ्या कापलेल्या पायांकडे पाहत राहिला. त्याने विचारले,

"वहिनी, तुमी त्याले सांगतलं नव्हतं काय?"

त्याला दोष द्यायचा नव्हता. तो स्वतः भ्याला होता. पण उषाबाई त्याच्याकडे पाहतच राहिली. तिला आठवेना. लग्नाचे ते आठ दिवस, शंभर कामे, शंभर सांगणी. तिच्या गप्प राहण्यालाच सगळ्यांनी उत्तर समजले. हळूहळू तिनेही.

मी तिथेच आडवी पडले होते. सांग ना बाई, मी म्हणत होते. पडवीत, दुपारी, वरण वाढताना. पण बांबूला तोंड नसते.


आठवी, नववी

या दोन पायऱ्या रिकाम्या ठेवते. दोन पावसाळे मला कोणी हात लावला नाही. घर गळत होते. डोमाने न विचारता दुसरीकडून शिडी आणली आणि कवेलू फेरून दिले. खाली उभे राहून कोणी काही सांगितले नाही. भैय्याजी दुकानातून बाहेरच आला नाही. इतके मुके काम मी कधी पाहिले नव्हते.


दहावी

मला जाळा, असे लोक म्हणाले. उषाबाई म्हणाली, "त्याइच्या हातची हाय." तिने मला मागच्या कुंपणाला टेकवून ठेवले. आता माझ्यावर दोडक्याचा वेल चढतो. वेलाला पायऱ्या मोजाव्या लागत नाहीत.

वैशाख आला की उषाबाई ती लाल चिंधी आणते आणि जिथे आता पायरीच नाही, त्या मोकळ्या जागेत दोन बांबूंमध्ये आडवी बांधते. गाठ दोनदा ओढून पाहते. मग हळूच विचारते, "सांगतलं होतं का जी म्या तुमाले?" आणि वेल नीट लावते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी हलती पायरी, सैल कडी, तडकलेला पाट असेल. "माहीत आहे सगळ्यांना" म्हणून ते तसेच ठेवू नका. माहिती चिंधीसारखी असते, कोणीही चांगल्या मनाने ती सोडतो. आज चहा संपायच्या आत उठा आणि ती वस्तू दुरुस्त करा.

आणि एक काम माझे करा. तुमच्यापैकी कोणी मोहाडीला गेले, तर त्या गल्लीतले शेवटचे घर विचारा. मागच्या अंगणात दोडका तोडताना एक बाई दिसेल. तिला सांगा की तू सांगितले होतेस. त्याने ऐकले होते, तो हसलाही होता. तू त्याला अजून एक पळी वरण वाढले होतेस.

शिडीने ऐकले आहे, म्हणा.